मृगातला तेजोमेघ आणि आरशाचे स्क्रू

मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे ओळखता आले की एम ४२ सापडायला वेळ लागत नाही. बाणाच्या दक्षिणेला तीन अंधुक ताऱ्यांची आणखी एक ओळ आहे. तिच्यातला मधला तारा निरखून पाहिला तर टोकदार वाटत नाही, फुंकर मारलेल्या काचेसारखा पुसट दिसतो. हाच मृगातला तेजोमेघ. पृथ्वीपासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला हा वायू आणि धुळीचा ढग आकाशात एक अंशाच्या आसपास, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंदीत पसरलेला आहे. मोठ्या वस्तूसाठी मोठी दुर्बीण कशाला, असे इथे वाटू शकते. अडचण आकाराची नाही, फिकेपणाची आहे. दुर्बीण जास्त प्रकाश गोळा करते, पण तो मोठ्या प्रतिमेवर पसरवते. त्यामुळे पसरट वस्तूचा प्रत्येक तुकडा दुर्बिणीतूनही नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याहून उजळ होत नाही. आणि डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. कॅमेरा ठेवतो. तेजोमेघाच्या छायाचित्रणाचा सगळा आधार या साठवणुकीवर आहे, आणि सगळे कष्टही तिच्यामुळेच आहेत. कारण प्रकाश साठतो तेव्हा दुर्बिणीतली प्रत्येक चूकही त्याच्याबरोबर साठत जाते.

याचा पहिला अनुभव अमेरिकन डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनी घेतला. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी ११ इंची भिंगाच्या दुर्बिणीला छायाचित्रणाची कोरडी काच लावून ती ५१ मिनिटे उघडी ठेवली, आणि एम ४२ हा छायाचित्रात उतरलेला पहिला तेजोमेघ ठरला. तेवढा वेळ दुर्बिणीने आकाशाच्या फिरण्याबरोबर अचूक फिरत राहायचे होते. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या ईलिंगला अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाने याच तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्यात डोळ्यांनी कधीच न दिसलेले तारे उमटले. निरीक्षकाचा हात जे रेखाटू शकत नव्हता ते काच टिपू शकते, हे तेव्हा पक्के झाले.

आजचा हौशी छायाचित्रकार बहुधा न्यूटनच्या रचनेची परावर्ती दुर्बीण वापरतो. २०० मिलिमीटर व्यासाचा अन्वस्त आरसा आणि १,००० मिलिमीटर नाभीय अंतर, म्हणजे एफ/५, हे नेहमीचे माप आहे. अशा दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलचा सेन्सर लावला तर एका पिक्सेलमध्ये आकाशाची ०.७८ विकला मावते. आकाश एका सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. दुर्बीण स्थिर राहिली तर एकाच सेकंदात तारा एकोणीस पिक्सेल लांबीची रेघ ओढतो. नेत्रिकेतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्याला जी दुर्बीण निर्दोष वाटते, तीच कॅमेऱ्यापुढे उघडी पडते ती यामुळे.

कामाची सुरुवात संधिप्रकाशात होते, तारे उगवायच्या आधी. दुर्बीण बाहेर काढून आरसा हवेच्या तापमानाला येऊ द्यायचा असतो. काचेचा जाड आरसा हळूहळू निवतो. तो निवत असताना त्याच्यावरून उबदार हवा वर उठत राहते आणि प्रतिमा थरथरते. यात तासभर सहज जातो, आणि त्याच वेळात कॉलिमेशन होते.

कॉलिमेशन म्हणजे मुख्य अन्वस्त आरसा, प्रकाश बाजूच्या फोकसरकडे वळवणारा छोटा दुय्यम आरसा आणि कॅमेरा यांचे अक्ष एका रेषेत आणणे. अन्वस्त आरशाचा एक जन्मजात दोष आहे: अक्षाच्या बाहेर पडणारा तारा धूमकेतूसारखा शेपटी काढतो. या दोषाला कोमा म्हणतात. अक्षाभोवती एका लहानशा वर्तुळातच तो नगण्य असतो, आणि हे वर्तुळ एफ-संख्येच्या घनाच्या प्रमाणात बदलते. एफ/८ च्या दुर्बिणीत त्याचा व्यास सुमारे ११ मिलिमीटर असतो, एफ/५ मध्ये पावणेतीन, आणि एफ/४ मध्ये जेमतेम दीड. म्हणून 'वेगवान' दुर्बीण घेणाऱ्याने कमी वेळात जास्त प्रकाश मिळेल याचा आनंद मानण्याआधी स्क्रू फिरवायला शिकावे. त्या दीड मिलिमीटरचे वर्तुळ सेन्सरच्या मध्यावरून ढळले की फोटोची एक बाजू चांगली आणि दुसरी शेपटीची निघते.

कामाला तीन गोष्टी लागतात: एक लेसर, एक षट्कोनी चावी आणि भरपूर सबुरी. मुख्य आरशाच्या बरोबर मध्यभागी कागदाची एक लहान कडी चिकटवलेली असते. ती प्रकाश अडवत नाही, कारण तो भाग तसाही दुय्यम आरशाच्या सावलीतच असतो. आधी दुय्यम आरसा फोकसरच्या नळीखाली मध्यावर आला आहे का ते पाहतात. मग त्याचे तीन बारीक स्क्रू अशा तऱ्हेने फिरवतात की लेसरचा लाल ठिपका त्या कडीच्या आत पडावा. एक स्क्रू सैल केला की दुसरा आवळावा लागतो. दोन्ही एकदम सैल झाले तर आरसा हिंदकळतो. शेवटी मुख्य आरशामागच्या तीन मोठ्या स्क्रूंनी किरण आल्या वाटेने परत लेसरच्या छिद्रात पाठवतात. कुलूप-स्क्रू आवळताना ठिपका पुन्हा थोडा सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर परत तपासायचे. हे टाळणारे बरेच असतात आणि मध्यरात्री त्यांना ते आठवते.

या टप्प्यावर दोन ठिकाणी फसगत होते. पहिली लेसरची. स्वस्त लेसर स्वतःच वाकडा असू शकतो. त्याला धारकात गोल फिरवून पाहावे. ठिपका जागेवर राहण्याऐवजी वर्तुळ काढू लागला तर त्या लेसरने केलेले कॉलिमेशन चुकीचेच असणार. दुसरी फसगत डोळ्याची. एफ/५ च्या दुर्बिणीत फोकसरमधून पाहताना दुय्यम आरशाचे काळे प्रतिबिंब मध्यावर नसते, मुख्य आरशाच्या दिशेला किंचित सरकलेले दिसते. ते तसेच असायला हवे. प्रकाशाच्या शंकूला तिरपे कापले की छेद असाच येतो. नवखा माणूस ते मध्यावर आणायच्या खटपटीत चांगली जुळलेली दुर्बीण बिघडवतो.

लेसरनंतरचा निर्णय ताऱ्याचा. एक ठळक तारा मध्यावर घेऊन फोकस थोडा बाहेर काढला की त्याची वर्तुळे होतात. ती समकेंद्री असली तर काम झाले. वर्तुळाऐवजी तीन कोपऱ्यांचा आकार दिसला तर दोष कॉलिमेशनचा नसतो. मुख्य आरशाला धरणाऱ्या तीन पकडी जास्त आवळल्याने काच दबलेली असते. पकड आणि काच यांच्यात कागद सरकेल एवढी फट ठेवली की तारे पुन्हा गोल होतात.

आरसे जुळले तरी मोठ्या सेन्सरच्या कोपऱ्यांत कोमा उरतोच. त्यासाठी कॅमेऱ्यापुढे कोमा सुधारक भिंग लावतात. बहुतेक सुधारकांना सेन्सर नेमक्या ५५ मिलिमीटर अंतरावर लागतो. वाटेत २ मिलिमीटर जाडीचा फिल्टर आला तर फोकस त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर मागे सरकतो, आणि तेवढे अंतर पातळ कड्या घालून वाढवावे लागते. ही काटेकोरी अतिरेकी वाटली तर हबल दुर्बीण आठवावी. तिचा २.४ मीटरचा आरसा घासताना तपासणीच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. त्यामुळे आरशाची कड सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट झाली. १९९० मध्ये पहिली चित्रे पुसट आली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन सुधारक बसवावे लागले.

अंधार पडला की दुर्बीण पेलणाऱ्या आणि आकाशाबरोबर फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे साधायचा. महाराष्ट्रात ही पायरी जरा अवघड आहे. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो आणि एखाद्या इमारतीने किंवा डोंगराच्या सोंडेने सहज झाकला जातो. शिवाय ध्रुवतारा नेमक्या ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. पण याच अक्षांशाचा फायदाही मोठा आहे. एम ४२ पुण्यात मध्यान्हवृत्तावर येतो तेव्हा ६६ अंश उंच असतो, लंडनमध्ये फक्त ३३. तिथल्या छायाचित्रकाराला इथल्यापेक्षा दीडपटीहून जास्त हवेतून त्याच्याकडे पाहावे लागते.

माउंटचे दातेरी चक्र कितीही चांगले असले तरी प्रत्येक फेरीत थोडे पुढेमागे होते. म्हणून एक लहान कॅमेरा एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तो ढळला की माउंटला दुरुस्ती पाठवतो. याला गायडिंग म्हणतात. ड्रेपर यांच्या काळात हे काम माणसाच्या हाताचे होते.

मग फोकस. एफ/५ ला फोकस बरोबर राहण्याची जागा सुमारे ०.०७ मिलिमीटर जाडीची असते, केसाएवढी. ती शोधण्याचे सुरेख साधन म्हणजे रशियातील हौशी निरीक्षक पावेल बाख्तिनोव यांनी २००५ मध्ये सुचवलेला मुखवटा. दुर्बिणीच्या तोंडावर ही रेघांची जाळी ठेवली की ताऱ्यावर एक फुली आणि तिच्यातून जाणारी तिसरी रेघ दिसते. रेघ फुलीच्या बरोबर मध्यात आली की फोकस लागला. पण लागलेला फोकस रात्रभर टिकत नाही. एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची नळी तापमान पाच अंशांनी उतरल्यावर ०.११ मिलिमीटरने आखडते, म्हणजे फोकसच्या जागेच्या बाहेर जाते. दख्खनच्या थंडीत संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पारा यापेक्षा जास्त उतरतो. दर तासाला पुन्हा फोकस तपासणे हा कंटाळवाणा भाग खरा, पण तारे सुईच्या टोकाएवढे येतात ते त्यामुळेच. याच थंडीत काचेवर दवही धरते. सुधारकाभोवती मंद तापणारी पट्टी गुंडाळली नाही तर पहाटेचे निम्मे फोटो धुक्यात जातात.

जागा निवडताना दिव्यांपासून जितके दूर जाता येईल तितके जावे. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ च्या जानेवारीत भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरला. शहरातच राहावे लागणाऱ्यांना अरुंद पट्ट्याचे फिल्टर साथ देतात, कारण तेजोमेघ मोजक्या रंगांतच चमकतो: हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा आणि ऑक्सिजनची ५००.७ ची हिरवट रेषा या मुख्य. ही हिरवी रेषा १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना तेजोमेघाच्या वर्णपटात दिसली, आणि पुढे ती 'नेब्युलियम' नावाच्या अज्ञात मूलद्रव्याची मानली गेली. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले.

प्रत्यक्ष टिपणे एका लांब फोटोने होत नाही. तीन-तीन मिनिटांचे साठ फोटो घेतात आणि संगणकात एकमेकांवर रचतात. तेजोमेघाचा प्रकाश साठपट होतो, गोंधळाचे कण मात्र साठच्या वर्गमुळानेच, म्हणजे पावणेआठ पटींनीच वाढतात. शिवाय झाकण लावून त्याच तापमानाला घेतलेले 'डार्क' सेन्सरची उष्ण टिंबे वजा करतात, आणि एकसारख्या उजेडात घेतलेले 'फ्लॅट' धुळीच्या गोल सावल्या व कडेचा काळोख काढतात. फ्लॅट घेईपर्यंत कॅमेरा जागचा हलवायचा नसतो. तो फिरला की धुळीचे कण आणि त्यांच्या सावल्या जुळत नाहीत, आणि एका डागाचे दोन होतात.

एम ४२ च्या बाबतीत एक काम उरते. त्याच्या गाभ्यात, ज्या चार ताऱ्यांच्या प्रारणाने हा वायू चमकतो तिथे, तीन मिनिटांत सगळे पांढरे होऊन जाते. म्हणून लांब फोटोंच्या आधी पाच-दहा सेकंदांचे वीसेक फोटो वेगळे घेऊन ठेवतात आणि शेवटी तेवढाच गाभा त्यांच्यातून घेऊन मोठ्या चित्रात बसवतात. हा सांधा दिसू नये एवढी काळजी घेतली की चारही तारे सुटे दिसतात आणि त्यांच्याभोवतीच्या वायूच्या घड्या बाहेरच्या फिकट पंखांपर्यंत सलग वाचता येतात.