डोंगरपाड्यांचे सांडपाणी

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेला जाते, तर पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरांतून दमणगंगा, नार, पार या नद्या पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरतात. त्यामुळे नाशिक जिल्ह्याच्या या पट्ट्यात एखाद्या लहान पाड्याने सांडलेले पाणीही नदीच्या माथ्यावरच सांडलेले असते.

डोईवर हंडे वाहून पाणी भरले जाई, तोवर ते इतके जपून वापरले जाई की सांडपाणी फारसे उरतच नसे. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. या मापाने 500 वस्तीच्या गावात रोज 27,500 लिटर पाणी येईल आणि त्यातील सुमारे वीस हजार लिटर सांडपाणी होऊन घराबाहेर पडेल. चढउतारावर विखुरलेल्या घरांना जोडणारी भुयारी गटार, अखंड वीज आणि यंत्रे सांभाळणारा माणूस, हे सारे पाड्याच्या आवाक्याबाहेरचे असल्याने हे पाणी घरापाशीच शुद्ध व्हावे लागते.

त्यासाठी शौचालयाचे मैलापाणी आणि धुण्याभांड्यांचे सांडपाणी प्रथम वेगळे ठेवावे लागते. मैल्यासाठी दोन खड्ड्यांचे शौचालय उत्तम. एक खड्डा भरला की दुसरा वापरात येतो आणि पहिल्यातील मैला वर्षभराच्या विश्रांतीत कुजून त्याचे निर्धोक सोनखत होते. सांडपाण्यासाठी शोषखड्डा, म्हणजे दगडगोट्यांनी भरलेला खड्डा, सुचवला जातो. त्यात झिरपणाऱ्या पाण्यातील घाण मातीतले सूक्ष्म जीव खाऊन टाकतात आणि माती गाळणीचे काम करते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने अशा खड्ड्यांनी गटारे आणि डास हटवले व त्यांचे अनुकरण राज्यभर झाले.

सह्याद्रीत मात्र हे अनुकरण डोळे मिटून करणे धोक्याचे आहे. येथे मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो. मुरमातून पाणी भराभर खाली जाते, पाषाणावर अडते आणि उताराच्या दिशेने आडवे सरकत खालच्या अंगाच्या झऱ्यात किंवा विहिरीत उतरते. पाण्याला मातीचा सहवास थोडाच घडल्यामुळे ते पुरते गाळले जात नाही आणि वरच्या पाड्याचा शोषखड्डा खालच्या पाड्याच्या हगवणीचे कारण ठरू शकतो. पावसाळ्यात तर जमीन तुडुंब भरलेली असल्याने खड्डा पाणी शोषतच नाही.

म्हणून डोंगरात उथळ उपाय अधिक भरवशाचा वाटतो. राख, खरकटे आणि तेलकट थर एका लहान टाकीत अडवून उरलेले पाणी परसबागेतील केळी-अळूच्या आळ्यांत किंवा खडी-वाळूच्या वाफ्यात लावलेल्या कर्दळीच्या मुळांशी सोडले, तर मुळांभोवतीचे जीवाणू ते स्वच्छ करतात आणि चैत्र-वैशाखात, जेव्हा विहिरी तळ गाठतात, तेव्हा त्याच पाण्यावर झाडे जगतात. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला होता, हे पाहता अशा कामाला पैशाची वाट नव्हती असे म्हणता येत नाही.

ग्रामपंचायतींनी एवढे तरी करावे: खड्ड्यांच्या जागा उन्हाळ्यात कागदावर ठरवू नयेत, श्रावणात झरे वाहत असताना जुन्याजाणत्यांना बरोबर घेऊन उतार पायी फिरून ठरवाव्यात.