डावीकडे न वळणारी घोडी

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराबद्दल बोलायला लागलं की लोक आधी किंमत विचारतात: यंदा सर्वांत महाग घोडा कितीला गेला? नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत हा बाजार. राजस्थान, पंजाब, गुजरातकडून मारवाडी, काठेवाडी घोडे येतात, नाचणाऱ्या घोड्यांभोवती गर्दी उसळते. संपादकांना त्या गर्दीवर लेख हवा होता. माझं लक्ष मात्र घोड्यांच्या रांगा संपतात तिथल्या पालांवर खिळलं. खोगिरं, तंग, रिकिबी, घुंगरांचे गळपट्टे, आणि दोरीला ओळीनं टांगलेली कडियाळं. कडियाळ म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात राहणारा लोखंडी भाग. वीतभर वस्तू, पण चारशे किलोचं जनावर आणि माणूस यांच्यातलं अर्धंअधिक बोलणं तिच्यातूनच होतं.

एका पालावर सुरगाणा तालुक्यातला, हातगडाच्या पायथ्याकडचा एक घोडेवाला उभा होता. सापुताऱ्याला येणाऱ्या पर्यटकांना घोडीवर बसवून फेरी मारून आणायची, हे त्याचं पोट. "घोडी डावीकडं वळतच नाही. कडक लगाम दाखवा," तो म्हणाला. दुकानदारानं काटेरी कडियाळ काढलं. कांबीवर फिरती चाकं आणि चाकांना दाते. शेजारी एक निवृत्त स्वारी-शिक्षक खोगिराची शिवण तपासत होते. आसपासचे सगळे त्यांना वस्ताद म्हणत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भाऊ, आधी तोंड उघडून बघितलंस का तिचं?" त्यानं बघितलं नव्हतं. ते काटेरी कडियाळ त्या दिवशी विकलं गेलं नाही, आणि बाजाराचा लेख बाजूला ठेवून मी या दोघांच्या मागे सुरगाण्याकडे निघालो.

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याचा पश्चिमेचा डोंगराळ तालुका. कोकणा, वारली, महादेव कोळी अशी आदिवासी वस्ती; नागली, भात, वरई ही पिकं. 1948 पर्यंत इथे छोटंसं संस्थान होतं. हातगडाचा किल्ला याच तालुक्यात, आणि त्याच्या पलीकडे हद्द ओलांडली की डांग जिल्ह्यातलं सापुतारा, गुजरातचं प्रसिद्ध थंड हवेचं ठिकाण. घोडा या मुलखाला नवा नाही. 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून परतताना शिवाजी महाराजांच्या फौजेची मोगलांशी गाठ पडली ती याच जिल्ह्यात, वणी-दिंडोरीला. दोन वर्षांनी साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी उघड्या मैदानातली मोठी लढाई झाली. त्या घोडदळाचं बळ वेगात होतं तितकंच वळण्यात होतं. शत्रूच्या अंगावर जायचं, तो जमवाजमव करेपर्यंत घोडा जागच्या जागी फिरवून निसटायचं, ही युद्धाची रीत तोंडाला हलक्या घोड्यावाचून चालत नाही.

आज घोड्याच्या वळण्याची सर्वांत कडक परीक्षा अमेरिकेत होते. मैदानात तीन पिंपं त्रिकोणात ठेवलेली असतात. पहिल्या दोन पिंपांत 90 फूट, त्या दोन्हींपासून तिसरं 105 फुटांवर. स्वार भरधाव येतो, एकाला उजवीकडून आणि दोघांना डावीकडून वळसा घालतो आणि परत पळतो. पूर्ण मापाच्या मैदानावर चांगला घोडा हे सगळं 17 सेकंदांच्या आसपास उरकतो. पिंप पडलं तर 5 सेकंदांचा दंड. 1948 साली टेक्सासमधल्या बायकांनी आपली संघटना काढून हा खेळ नावारूपाला आणला. घोडा पिंपाजवळ रुंद वळायला लागला की तिथलाही स्वार पहिल्यांदा दुकानात धावतो आणि विचारतो, कडियाळ कोणतं बदलू? सारंगखेड्यातला प्रश्न आणि टेक्सासमधला प्रश्न एकच आहे.

वस्तादांचं उत्तरही दोन्हीकडे चालावं असं आहे. ते म्हणतात, कडियाळ हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न, घोडा वळत का नाही?

हातगडाखाली घोडेवाल्याच्या घरापुढे पोचल्यावर त्यांनी घोडीचा लगामच काढून टाकला. साधी दोरीची म्होरकी चढवली. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांनी अंगठा दाबत मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत नेला; घोडी कुठे दचकते का ते पाहिलं. चारही खूर उचलून नालांची झीज तपासली. मग मुठीत गूळ धरून तिला आधी उजवीकडे आणि नंतर डावीकडे लहान वर्तुळात चालवलं. घोडी गुळामागे दोन्हीकडे सारखीच वळली, डावीकडे तर मान पार खांद्यापर्यंत आणली. पाठ बरी, पाय बरे, मान मोकळी. म्हणजे लोखंड तोंडात असतानाच तिला डावीकडचं वळण नको होतं.

इथे घोड्याच्या तोंडाची रचना समजून घ्यायला हवी. पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये तीन-चार बोटं मोकळी जागा असते. कडियाळ बसतं ते तिथे, जिभेवर आणि जबड्याच्या हाडावर. त्या हाडाला वरून धारेसारखी कड असते आणि तिच्यावर हिरडीचं पातळ आवरण, बस. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीबाहेर सरकत राहतात आणि चघळताना घासल्या जातात. पण जबड्यांच्या या फरकामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड पुरती घासली जात नाही. तिथे धार येते आणि ती गालाला आतून कापते. मोकळं चरणाऱ्या घोड्याचं दिवसभर गवत चघळून थोडंफार भागतं. खुंट्याला बांधून भुसा आणि दाण्यावर ठेवलेल्या घोड्याचं भागत नाही.

वस्तादांनी घोडीची जीभ हलकेच एका बाजूला धरली आणि घोडेवाल्याला मोबाइलचा उजेड आत पाडायला सांगितलं. डावी बाजू ठीक होती. उजव्या गालाच्या आत, दाढांच्या रेषेत, पांढुरका चट्टा आणि त्याच्या मध्ये ताजी चीर होती.

घोडी डावीकडे वळत नव्हती आणि दुखत होतं उजवीकडे. कारण साधं आहे. डावी ओढ दिली की कडियाळ डावीकडे सरकतं आणि त्याच्या उजव्या टोकाची कडी उजव्या गालावर दाबली जाते. गाल दाढेच्या धारेवर दाबला जातो. घोडेवाला जितकी जोरात डावी ओढ देत होता तितकी ती धार खोल जात होती, आणि घोडी त्या वेदनेपासून पळायला मान वर टाकून सरळ निघत होती. त्या तोंडात सारंगखेड्याचं काटेरी चाक गेलं असतं तर? आपल्याकडे म्हणतातच, दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. घोडेवाला काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी तिला अडेल समजत होतो."

पशुवैद्यांनी भूल देऊन, तोंड उघडं ठेवणारा चिमटा लावून दाढांची धार कानशीनं घासून काढली. जखम भरेपर्यंत घोडीच्या तोंडात लोखंड घालायचं नाही, असं ठरलं. त्यानंतर कडियाळाचा प्रश्न आला, आणि वस्तादांनी तो मोठ्या बारकाईनं सोडवला.

कडियाळाचे ढोबळमानानं दोन वंश. एकात ओढ, म्हणजे लगामाची हातात धरायची वादी, थेट कडीला बांधलेली असते: हातानं जितकं ओढाल तितकंच तोंडात पोचतं, आणि डावं-उजवं वेगळं कळतं. दुसऱ्यात कांबीच्या दोन्ही टोकांना उभ्या दांड्या असतात, हनुवटीखाली साखळी असते आणि ओढ दांडीच्या खालच्या टोकाला बांधतात. ही तरफ आहे. दांडी कांबीच्या वर दोन इंच आणि खाली चार इंच असेल तर ओढीवर एक किलोचा ताण दिल्यावर साखळीवर दोन किलो आणि तोंडातल्या कांबीवर तीन किलो दाब येतो. शिकलेला घोडा हलक्या हाताखाली अशा कडियाळात सुंदर चालतो. अमेरिकेतले पिंपांभोवती धावणारे कित्येक घोडे त्यातच धावतात. पण ते शिकलेल्या घोड्याचं हत्यार आहे. एका ओढीनं वळवायला गेलं तर अखंड कांबीचं तरफेचं कडियाळ तोंडात तिरकं होतं, दोन्ही बाजूंना एकदम दाबतं, आणि घोड्याला वळायचं की थांबायचं तेच उमगत नाही. काटेरी कडियाळ तर फक्त भीती दाखवतं. भीतीनं घोडा थांबेल, मागच्या पायांवर उभा राहील, पण वळणं शिकणार नाही. झेनोफन या ग्रीक सेनानीनं इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्यानंही मऊ आणि खरबरीत अशी दोन कडियाळं ठेवायला सांगितलं, ती घोड्यानं शेवटी मऊ कडियाळात आनंदानं चालावं म्हणून.

वस्तादांनी सुतळी घोडीच्या ओठांतून आरपार नेली, दोन्ही कोपऱ्यांशी गाठी मारल्या आणि अंतर पट्टीवर मोजलं. पावणेपाच इंचांना किंचित कमी. त्यात दोन्ही बाजूंना जरासा वाव धरायचा. जास्त रुंद कडियाळ तोंडात डावी-उजवीकडे भटकतं, अरुंद असेल तर ओठ चिमटतं. जाड कांब सौम्य असते असं सगळेच सांगतात, पण या घोडीचं तोंड लहान आणि जीभ जाड होती. तिथे जाड कांब म्हणजे अडचण. म्हणून मध्यम जाडीची, गुळगुळीत, दोन सांध्यांची कांब त्यांनी निवडली, आणि बाजूला गोल कडीऐवजी इंग्रजी डी अक्षरासारखी कडी. तिची सरळ बाजू गालावर सपाट टेकते, ओठ चिमटत नाही आणि वळणाची दिशा स्पष्ट सांगते. 1984 साली संशोधक हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं क्ष-किरणांखाली घोड्याच्या तोंडातलं कडियाळ हलताना पाहिलं होतं. त्रास होणारा घोडा जीभ मागे ओढून कडियाळ उचलतो आणि दाढांमध्ये पकडतो, हे त्या चित्रांत दिसलं. वस्तादांनी ते चित्र पाहिलेलं नाही. घोडी कडियाळ चावायची थांबली की माप बरोबर, एवढं ते जाणतात.

नागली काढलेल्या वावरात त्यांनी तीन रिकामी पिंपं त्रिकोणात ठेवली. पळायचं नाही, फक्त चालायचं. पिंपाच्या अलीकडे घोडी मंद करायची, नजर पिंपावर न ठेवता पुढच्या वाटेवर ठेवायची, आतल्या पायानं पोटाला इशारा द्यायचा, आणि आतली ओढ बोटं मिटण्याइतकीच द्यायची; घोडी वळू लागली की त्याच क्षणी सोडायची. "सोडणं हेच बक्षीस आहे, भाऊ," ते सांगत होते. "ओढून धरलंस तर तिला कळणार कसं की तिनं बरोबर केलं?" घोडेवाल्याचा हात सैल पडायला घोडीच्या वळण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण घोडी तिसऱ्या पिंपाभोवती डावीकडे, आतला कान वळवून, मान खाली ठेवून फिरली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मलाही भरून आलं.

एवढं सुरळीत असतं तर लेख इथे संपला असता. खरी अडचण वावराबाहेर आहे. जखम भरेपर्यंत घोडी उभी ठेवायची म्हणजे तेवढे दिवस कमाई बंद. पावसाळ्यात इथे पाऊस असा कोसळतो की फेऱ्यांचा हंगाम मोजक्या महिन्यांचा. त्यातले दिवस सोडायला कुणाचं मन धजेल? तालुक्यातल्या पशुवैद्यांचं काम मुख्यतः गाय, बैल, शेळीचं. घोड्याची दाढ घासायची अवजारं आणि सराव जवळपास मिळणं कठीण. गावोगाव नालबंद तरी कुठे उरलेत? शिवाय पर्यटक घोडीवर बसतो आणि तोल जाईल म्हणून ओढीला लोंबकळतो. महिनाभर शिकवलेलं तोंड रविवारच्या एका दुपारी बिघडतं. वस्तादांनी यावर उपाय सांगितला: फेरीच्या वेळी लगामावरून म्होरकी चढवा, घोडी म्होरकीच्या दोरीनं चालवा, ओढींना गाठ मारून त्या खोगिराला अडकवा आणि पाहुण्याच्या हातात खोगिराची मूठ द्या. उपाय फुकटचा आहे. पण पर्यटकाला ओढ हातात धरूनच फोटो हवा असतो, आणि नाही म्हणणाऱ्या घोडेवाल्याचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जातं.

आणि काटेरी कडियाळ? भारतात ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी 1965 साली झालेल्या नियमांनी काटेरी कडियाळ वापरायला मनाई केली आहे. नियमाला साठ वर्षं झाली, तरी ते पालावर उघड टांगलेलं असतं. ज्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली हे नियम आले, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान 10 आणि कमाल 50 रुपये. घोड्याच्या जिभेची किंमत कायद्यानं एवढी लावली आहे. त्याच वेळी आपल्याच देशातल्या कानपूरची खोगिरं आणि लगाम युरोप-अमेरिकेच्या बाजारात जातात. चांगलं सामान आपल्याला बनवता येतं. ते हातगडाखालच्या घोडेवाल्यापर्यंत परवडेल अशा भावात पोचवायची व्यवस्था मात्र नाही.

दोष मी घोडेवाल्याला देणार नाही. त्याला कुणी तोंड उघडून बघायला शिकवलंच नव्हतं. एकदा दिसल्यावर त्यानं घोडीला विश्रांती दिली, आणि ती त्याच्या खिशाला परवडणारी नव्हती. सारंगखेड्याच्या यात्रेत एका पालावर पशुवैद्य बसवून घोड्यांची तोंडं तपासली, दाढा घासून दिल्या आणि काटेरी कडियाळाच्या बदल्यात गुळगुळीत कडियाळ दिलं, तर शेकडो घोड्यांचं दुखणं थांबेल. यात्रा भरवणाऱ्यांना आणि पशुसंवर्धन खात्याला हे अवघड नाही.

आणि तुम्ही सापुतारा, माथेरान, महाबळेश्वर, कुठेही घोड्यावर बसणार असाल तर आधी त्याच्या ओठांचे कोपरे बघा. तिथे रक्त किंवा जखम असेल, कांबीवर दाते दिसत असतील, तर त्या घोड्यावर बसू नका, आणि का बसत नाही ते घोडेवाल्याला शांतपणे सांगा. बसलात तर ओढीला लटकू नका. खोगीर धरा.