पातेल्यापासून पोटापर्यंत

वडखळ नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो. तिथल्या टपऱ्यांवर टांगलेल्या वेफर्स-कुरकुऱ्यांच्या माळा आपल्या नजरेत भरत नाहीत, पण तीन वर्षांच्या पोराला दुसरं काही दिसतच नाही. अंगणवाडीच्या वाटेवर एक पुडी फुटली की पुढच्या दोन तासांची भूक मेलीच म्हणून समजा. मग सेविकाताई खिचडी वाढतात, पोर तोंड फिरवतं आणि घरी निरोप जातो : खातच नाही.

खरं तर या वयात खाणं थोडं मंदावतंच. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. पुढे वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्यात पोट लहान, म्हणून एका बैठकीत भरपूर खाणं जमत नाही. दोन-अडीच तासांनी थोडं थोडं लागतं. सकाळचा नाश्ता आणि दुपारचा गरम आहार ही अंगणवाडीतली विभागणी लहान पोटाला सोयीची आहे. केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून पूरक आहार तिचा भाग आहे. मात्र दोन खाण्यांच्या मधला वेळ मोकळा राहिला पाहिजे. बिस्किट नाही, चहा तर नाहीच; चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आता वाढण्याकडे येऊ. ताट शिगोशीग भरलं की मूल आधीच हार मानतं. दोन चमचे भात, वर वरण, बाजूला चमचाभर भाजी एवढंच वाढावं. ‘अजून’ हा शब्द मुलाच्या तोंडून येऊ द्यावा. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं ते मुलानं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही वाटणी मांडली, आणि मला ती आपल्या पंगतीलाही तंतोतंत लागू वाटते.

नव्या पदार्थाचं तंत्र वेगळं. दोन ते सहा या वयात अनोळखी चव नाकारणं अगदी सर्रास आढळतं. आपल्याकडचं वालाचं बिरडं घ्या. कडवे वाल मोठ्यांच्या जिवाभावाचे, पण मुलाच्या जिभेला तो कडवटपणा नवा. पहिल्या दिवशी ते नुसतं बघेल, दुसऱ्यांदा बोटानं दाबेल, कधी चाटून थुंकेल. दहा-पंधरा वेळा गाठ पडली की बरीच मुलं खायला लागतात. आपण मात्र तिसऱ्याच दिवशी ‘याला वाल आवडत नाहीत’ असा शिक्का मारून मोकळे होतो. ओळखीच्या मऊ भाताशेजारी दोन दाणे कुस्करून ठेवावेत आणि विषय सोडावा. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा तर नकोच, त्यातून भाजी ही शिक्षा असल्याचंच मूल शिकतं. त्यापेक्षा मदतनीसताईंनी शेजारी बसून त्याच पातेल्यातले चार घास खावेत. शेजारचा मित्र मिटक्या मारत असेल तर आणखी काही सांगावं लागत नाही.

एक खबरदारी घ्याच. अख्खे चणे-शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावेत.

पाण्याचं मोल आपल्या खारेपाटातल्या माणसाला कुणी सांगायला नको. तरी खेळात रमलेलं मूल तहान विसरतं, आणि इथल्या दमट उन्हाळ्यात घाम थांबत नाही. म्हणून ते मागेल याची वाट न बघता आल्यावर, खेळून झाल्यावर आणि जेवताना छोट्या पेल्यात पाणी द्यावं. जेवणाच्या तोंडावर मोठा पेला नको, त्यानंच पोट भरतं. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढावं, हात बुडवू नये. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

आणि एखाद्या दिवशी ताट तसंच परत आलं तर घाबरू नका. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, तो तक्ता ताईंकडून मागून बघा. रेघ वर जात असेल तर मूल पुरेसं खातंय. दोन महिने वजन हललं नाही किंवा घटलं, तर घास कोंबत बसण्यापेक्षा मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.