गावठी कट्ट्यामागचे लोखंड

‘गावठी कट्टा जप्त’ ही बातमी आपल्या दैनिकांच्या आतल्या पानावर अधूनमधून असतेच. त्यातल्या ‘गावठी’ या शब्दात तुच्छता आहे. खरे हत्यार कारखान्यातले, हे आपले कुणीतरी ठोकून काढलेले, असा त्याचा सूर. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी या देशातली पुष्कळशी हत्यारे गावठीच होती आणि त्यांना कोणी हसत नव्हते. शब्दाची ही किंमत कधी उतरली याचा माग काढताना मला बंदुकीपेक्षा लोखंडाच्या भट्टीकडेच जास्त वेळा वळावे लागले.

आधी धातूचा घोळ निस्तरू. जुने हत्यार दिसले की त्याला सरसकट ‘पोलादी’ म्हणायची आपली सवय चुकीची आहे. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. ती काही काळ आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ मध्ये विजापूरला गेली. ती कांशाची आहे, तिच्यात पोलाद नाही. तोड्याच्या बंदुकीची नळी घडीव लोखंडाची असे. बार उडताना नळी फुटू नये म्हणून तिला मऊ पण चिवट लोखंडच हवे. पोलाद, म्हणजे जुन्या मराठीतले तिखे, लागे ते पात्याला आणि धारेला.

हे पोलाद दख्खनमध्ये कसे होई, ते सांगण्याजोगे आहे. लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालायचे, सोबत तरवडाची लाकडे आणि रुईची पाने, वर मातीने तोंड बंद. कोळशाच्या भट्टीत भात्यावर तासन्‌तास तापवायचे आणि सावकाश थंड होऊ द्यायचे. लाकडापानांतला कर्ब लोखंडात उतरतो, तो साधारण दीड टक्क्यापर्यंत, आणि मुशीच्या तळाशी पोलादाची वडी मिळते. तरवड आणि रुई! श्रीपूरच्या कोणत्याही माळावर शेळीसुद्धा जिला तोंड लावत नाही, ती ही झुडपे. तेलंगणात निजामाबादजवळच्या कोनसमुद्रम येथे अशा भट्ट्या होत्या आणि तिथल्या वड्या घ्यायला इराणचे व्यापारी येत. इंग्रजांनी या पोलादाला ‘वुट्झ’ म्हटले. कानडीतल्या ‘उक्कु’चा तो अपभ्रंश मानतात. १७९४ मध्ये मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावरचा निबंध वाचला गेला. मायकेल फॅरेडे हे नाव आपण विजेसाठी ओळखतो, पण त्यांनी १८२०च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर या पोलादाचे गुपित उलगडण्यासाठी प्रयोग केले होते.

बंदुका-तोफांचेही तसेच. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन होता, आणि आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतून घेई, बंदुका घडवून घेई. विलायतीच्या तोडीची बंदूक तिथे दहा रुपयांत पडे, असे इंग्रज इतिहासकारच लिहितात. देखरेख परक्याची, हात इथले. त्या तोफखान्याची कसोटी २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला लागली. वेलस्ली जिंकला, पण त्याची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली, ती मुख्यतः शिंद्यांच्या तोफांमुळे. सुमारे ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. तेव्हा लढाई मराठ्यांच्या मालाच्या हलकेपणामुळे गेली, हे म्हणणे मला पटत नाही. नेतृत्व आणि फाटाफूट यांचा दोष लोहाराच्या माथी कशाला?

मग हे सारे बुडाले कसे? ‘इंग्रजांनी बुडवले’ हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. भट्टी चाले लाकडी कोळशावर, आणि एका वेळी निघे थोडेसे लोखंड. इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या कोकवर अजस्र भट्ट्या चालत. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, तिचे रूळही तिकडचेच. त्याच रुळांवरून विलायती लोखंडाच्या पट्ट्या आल्या आणि आपल्या लोहाराने त्या घेतल्या, कारण त्या स्वस्त होत्या. लोहार टिकला. लोखंड गाळणारा गेला.

उरलेले काम कायद्याने केले. १८७८ हे साल आपण देशी वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीसाठी लक्षात ठेवतो. त्याच वर्षी भारतीय वन कायदा झाला आणि त्याच वर्षी हत्यारांचा कायदा. वन कायद्याने कोळशासाठी राखीव जंगलात जाणाऱ्याला चोर ठरवले. हत्यार कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बनवणे, विकणे, बाळगणे गुन्हा केला, आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. हे दोन कायदे वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. मला ते शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात.

नवे पोलाद मात्र आपल्या अगदी हाताशी आले होते. जमशेटजी टाटांनी १८८२ मध्ये चंद्रपूरकडच्या लोहारा येथील खनिजावरचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल वाचला. खनिज उत्तम, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना. शेवटी कारखाना साकचीला गेला, पेरिन या अमेरिकी अभियंत्याच्या सल्ल्याने उभा राहिला आणि १९१२ मध्ये तिथे पोलाद निघाले.

ज्या अमेरिकेने आपल्याला भट्टी उभारून दिली, तिथल्या भट्ट्यांचे पुढे काय झाले? १७९४ पासूनचे स्प्रिंगफील्डचे सरकारी शस्त्रागार १९६८ मध्ये बंद झाले. १९ सप्टेंबर १९७७ रोजी यंग्जटाउनच्या कारखान्याने टाळे जाहीर केले, १९८६ मध्ये होमस्टेड थंडावले, आणि चिलखती पत्रे व तोफा घडवणाऱ्या बेथलेहेम स्टीलने २००१ मध्ये दिवाळे काढले. जुन्या भट्ट्या, बाहेरचा स्वस्त माल. आपल्या कोळशाच्या भट्ट्यांची गोष्टच वेगळ्या मापात. खासगी बंदुकांचे कारखाने मात्र तिथे चालूच राहिले. बंदुकीला लागते ते पोलाद किती? रुळांच्या आणि पुलांच्या मानाने चिमूटभर.

म्हणूनच लोखंड गाळणारा गेल्यावरही कट्टा बनत राहतो. जळगावच्या चोपडा तालुक्याच्या सीमेला, अनेर नदीपलीकडे मध्य प्रदेशातले उमर्टी गाव आहे. तिथल्या काही शिकलगार कुटुंबांचे नाव पुण्या-मुंबईच्या गुन्ह्यांत वारंवार येते. ‘सिकलगर’ म्हणजे मुळात हत्याराला धार आणि झिलई देणारा. फौजांना हत्यारे पुरवल्याचे ते अभिमानाने सांगतात. त्यांचा कच्चा माल भंगारातला, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या भट्टीतला. त्या कट्ट्याने माणसे मरतात, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण अख्ख्या जातीकडे बोट दाखवणेही अन्यायाचे आहे. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेला घिसाडी पाल ठोकतात आणि ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता घडवून त्याला पाणी देतात. शिकलगार कात्र्या-सुऱ्या पाजवतात, किल्ल्या करतात. कौशल्य तेच.

१८७८ चा हत्यार कायदा जाऊन १९५९ चा आला. परवान्याची अट राहिली. परवाना मागायला जागा लागते, भांडवल लागते, कागद लागतात. पालात राहणाऱ्याकडे यातले काहीच नसते.