लॅपटॉप आपोआप उबंटूतच सुरू होतो? ग्रबची ही सेटिंग बदला

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही असतील, तर चालू करताना आधी एक मेनू दिसतो. हा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव ग्रब. सहसा 10 सेकंदांत तुम्ही काही निवडलं नाही, तर यादीतलं पहिलं म्हणजे उबंटू सुरू होतं.

यात अडचण कुठे येते? समजा, रात्री विंडोजचा मोठा अपडेट लावला आणि जेवायला गेलात. अपडेट मध्येच लॅपटॉप रिस्टार्ट करतो. परत येऊन बघता तर समोर उबंटू! सकाळी सबमिशनसाठी घाईघाईत विंडोज उघडावं, तर राहिलेला अपडेट तेव्हा सुरू होतो.

उपाय सोपा आहे. कमांड इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करा.

1. उबंटूमध्ये टर्मिनल उघडून ही कमांड द्या: सुडो नॅनो /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब (ईटीसी म्हणजे ई, टी, सी ही तीन अक्षरं.)

2. फाईलमध्ये 'ग्रब_डीफॉल्ट=0' ही ओळ शोधा. 0 च्या जागी 'सेव्हड' लिहा.

3. त्याखाली नवी ओळ टाका: ग्रब_सेव्हडीफॉल्ट=ट्रू. 'बरोबर' चिन्हाच्या डावीकडचं सगळं कॅपिटलमध्ये, 'ट्रू' लहान अक्षरांत, आणि कुठेही स्पेस नको.

4. कंट्रोल+ओ, मग एंटर दाबून सेव्ह करा. कंट्रोल+एक्सने बाहेर पडा.

5. शेवटी सुडो अपडेट-ग्रब ही कमांड द्या. ही विसरलात, तर बदल लागू होणार नाही.

आता रिस्टार्ट करून मेनूमधून एकदा विंडोज निवडा. पुढच्या वेळी ग्रब तेच उघडेल. उबंटू निवडलंत, तर उबंटू लक्षात ठेवेल. म्हणजे विंडोजचा अपडेट कितीही वेळा रिस्टार्ट झाला, तरी लॅपटॉप विंडोजमध्येच परत येतो.

0 च्या जागी विंडोजचा नंबर टाकला तर? तेही चालतं. पण मोजणी 0 पासून होते, म्हणजे यादीत वरून चौथ्या विंडोजसाठी 3. आणि उद्या मेनूत वर एखादी नवी नोंद आली, की नंबर चुकतो. म्हणून 'सेव्हड'च बरं.

एक लक्षात ठेवा: उबंटू टाकताना एलव्हीएम किंवा बीटीआरएफएस निवडलं असेल, तर ग्रबला निवड लिहून ठेवता येईलच असं नाही. तिथे नंबरच वापरा.