घर सोडताना (लेखांक ६) : दुसरी नोकरी जिथे मिळेल ते शहर

गेल्या आठवड्यात आपण ऑफर लेटर नीट वाचलं. सीटीसीचा आकडा आणि महिन्याच्या शेवटी खात्यात पडणारी रक्कम यांत किती अंतर असतं तेही पाहिलं. आता पुढचा प्रश्न. बोलावणं दोन ठिकाणांहून आलंय, एक पुण्याचं, दुसरं नाशिकचं किंवा संभाजीनगरचं. जायचं कुठे?

चाळीसगावात बऱ्याच घरांत हे उत्तर आधीच ठरलेलं असतं. थोरला पुण्याला, म्हणून धाकटाही पुण्यालाच. कॉट बेसिसवर जागा मिळते, खोलीत आपल्याकडची दोन पोरं असतात आणि आईच्या जिवाला घोर राहत नाही. ओळखीचा हा आधार मोलाचा आहे, पहिल्या महिन्यात दुसरं काहीच कामाला येत नाही. पण शहर काही पहिल्या महिन्यापुरतं निवडायचं नसतं. माझं सांगणं असं, की पहिली नोकरी कुठे लागली यापेक्षा दुसरी कुठे लागेल हे आधी बघा. मग तिथून घर किती तासांवर आहे ते मोजा. भाडं आणि पगार त्यानंतर.

पहिली कंपनी आज ना उद्या सुटतेच. कधी आपण सोडतो, कधी कंपनी आपल्याला सोडते. त्या दिवशी त्याच शहरात आपल्या कामाच्या आणखी दहा कंपन्या असल्या, तर खोली, मेस, मित्र सगळं जागच्या जागी ठेवून नोकरी बदलता येते. नसल्या तर बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागतं, तेही हातात पगार नसताना. म्हणून सगळ्यांसाठी एकच चांगलं शहर असं काही नसतं. सॉफ्टवेअर करणाऱ्याने फार विचार करू नये. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा एवढ्या टापूत जितके पर्याय आहेत तितके राज्यात मुंबई परिसर सोडला तर कुठे नाहीत. पण मेकॅनिकलवाल्याने, टूलरूममध्ये किंवा मशीन शॉपमध्ये हात बसलेल्याने डोळे मिटून पुण्याची गाडी धरू नये. चाकण मोठं आहे यात वाद नाही. मात्र नाशिकला सातपूर आणि अंबड आहे, ओझरला एचएएल आहे. संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आहे. वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारे कितीतरी लहान-मोठे कारखाने उभे राहिले. असा माणूस तिथे एका गेटमधून बाहेर पडला तर दुसरं गेट चालत जाण्याच्या अंतरावर असतं.

सुरतचं नाव शिकलेल्या मुलांच्या यादीत सहसा नसतं, याचं मला वाईट वाटतं. खानदेशाने पिढ्यान् पिढ्या ज्या शहरात पोट भरलं ते हे शहर. उधना आणि लिंबायतच्या गल्ल्यांमध्ये आजही अहिराणी ऐकू येते. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच, आणि त्यांचं सारं राजकारण सुरतेत घडलं. आपल्या आजोबांनी तिथे यंत्रमागावर काम केलं म्हणून नातवाने केमिकल किंवा मेकॅनिकलची पदवी घेऊन हजिऱ्याच्या कारखान्यांकडे बघूच नये, हे बरोबर नाही.

आता तासांचा हिशेब. यात चाळीसगाव भाग्यवान आहे. गाव मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावर, मुंबईपासून ३२८ किलोमीटरवर. १९०० साली धुळ्याचा फाटा निघाला आणि स्टेशन जंक्शन झालं. नाशिकरोड इथून साधारण १४० किलोमीटर, म्हणजे एक्स्प्रेसने दोन-अडीच तास. वडिलांना दवाखान्यात नेलंय असा फोन दुपारी आला तर नाशिकचा मुलगा संध्याकाळी खाटेपाशी असतो. पुण्याच्या मुलाची जवळपास रात्र प्रवासात जाते, मग तो मनमाड-दौंडमार्गे महाराष्ट्र एक्स्प्रेसने येवो की खासगी बसने. कल्याण-डोंबिवलीत राहणारा नकाशावर लांब वाटतो, पण याच मुख्य मार्गावर असल्यामुळे घरी येणं त्याला पुणेकरापेक्षा सोपं जातं. संभाजीनगर तर रस्त्याने सगळ्यांत जवळचं. पण मध्ये कन्नडचा घाट आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर-डोंगरीला पूर आला तेव्हा घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, हे विसरू नये.

हे तास कशाला मोजायचे, असं तरुणपणी वाटतं. रविवारी संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर बघा. कापडी पिशवीत कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी, कागदात बांधलेले भरिताचे मसाले, आणि पिशवी देणाऱ्या बाईचं सगळं लक्ष गाडी किती लेट आहे याकडे. नाशिकचा मुलगा ती पिशवी महिन्यात दोनदा नेऊ शकतो. पुण्याचा बहुधा दिवाळीला आणि आखाजीला.

पैशांचं गणित पगाराच्या आकड्यावर करू नका. सरकारी नोकरीचं एक उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळं छापील आहे. सातव्या वेतन आयोगात १ जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३०, २० किंवा १० टक्के, शहराच्या वर्गाप्रमाणे. रेल्वेतल्या नव्या ज्युनिअर इंजिनिअरचं मूळ वेतन ३५,४०० रुपये. तो पुण्यात असेल तर भत्ता १०,६२०, नाशिकला ७,०८० आणि भुसावळला ३,५४०. म्हणजे पुणे आणि नाशिक यांत सरकार महिन्याला ३,५४० रुपयांचा फरक धरतं. हिंजवडीजवळच्या एका खोलीचं भाडं आणि नाशिकच्या सिडकोतल्या तशाच खोलीचं भाडं विचारून बघा, आणि हा फरक त्यात भागतो का ते स्वतः ताडा. खासगी कंपनीत हा हिशेब कोणी मांडून देत नाही, आपणच मांडायचा.

भाड्याहून महाग वेळ पडतो. जायला दीड तास, यायला दीड तास, महिन्याचे २२ दिवस : ६६ तास झाले. आठ तासांचे आठ दिवस रस्त्यावर, बिनपगारी. म्हणून होकार कळवण्याआधी एकदा कामाच्या दिवशी त्या शहरात जा, सकाळी नऊला खोलीच्या ठिकाणाहून कंपनीच्या गेटपर्यंत स्वतः प्रवास करा. सोसायटीत नळाला पाणी येतं की टँकर येतो, तेही वॉचमनला विचारा. संभाजीनगरला तर हा प्रश्न पहिला विचारायचा. जायकवाडी उशाशी असून तिथल्या अनेक वस्त्यांत नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं.

आणि गावातच राहायचं म्हटलं तर? खडकीच्या एमआयडीसीत भारत वायर रोप्स आहे, गुजरात अंबुजाचा मक्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे. पहिली नोकरी इथे मिळू शकते. दुसरीच्या वेळी मात्र दारं मोजकी. ज्याचं काम घरात बसून होतं त्याची गोष्ट वेगळी. केकी मूस यांचं उदाहरण तर आपल्या स्टेशनजवळच आहे. १९१२ साली मुंबईत जन्मलेला, इंग्लंडला कला शिकून आलेला हा माणूस चाळीसगावच्या एका घरात जवळपास अर्धं शतक राहिला आणि १९८९ साली तिथेच गेला. टेबलावर मांडलेल्या वस्तूंची त्यांची छायाचित्रं बाहेरच्या जगात वाखाणली गेली, घराबाहेर ते क्वचितच पडले. पण ते चाळीसगावला स्थिरावले ते विद्या हाताशी आल्यावर. आज ज्याला कंपनी घरून काम करू देते आहे, त्यालाही मी हेच सांगेन. पहिली तीन-चार वर्षं शहरात, जाणत्या माणसांच्या शेजारच्या खुर्चीवर काढा. कोड कुठे अडतो, गिऱ्हाईक कशावर चिडतं, साहेब चूक कशी निस्तरतो, हे स्क्रीनवरून दिसत नाही. तेवढं शिकून लॅपटॉप घेऊन आलात तर चाळीसगाव तुम्हाला पुरेल.

(पुढच्या आठवड्यात : भाडेकरार, अनामत रक्कम आणि अकरा महिन्यांची मुदत)