कबरस्तानाच्या मागच्या भिंतीकडे

शबे बरात जवळ आली की आमच्या मोहल्ल्यात कबरस्तानाच्या सफाईची लगबग सुरू होते. वर्गणी जमते, कोयते-खराटे निघतात आणि दोन दिवसांत गवत, टाकळा, रुई सारे साफ होते. 'आता कसे स्वच्छ दिसते!' असे आम्हीही वर्षानुवर्षे म्हणत आलो.

तीन वर्षांपूर्वी कोयत्याऐवजी तणनाशकाचा पंप आला. मजुरी वाचली, पण अम्मीच्या कबरीवर आम्ही लावलेला सब्जाही त्या फवाऱ्यात करपला. फवारणाऱ्या मुलाला काय बोलणार? त्याला सगळे हिरवे म्हणजे तणच.

ताज्या फांदीची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ओल्या फांदीचे दोन भाग करून दोन कबरींवर लावले आणि त्या सुकेपर्यंत अजाब हलका होईल, अशी आशा व्यक्त केली. तो अमल सर्वांसाठी आहे की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत; त्यात आम्ही पडत नाही. पण कबरस्तानात हिरवे काही जिवंत राहू नये, असे तर कुणीच सांगितलेले नाही.

रुईचेच पाहा. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची एक अळी तिची पाने खाते. रुईचा विषारी चीक तिला बाधत नाही; तो अंगात साठतो, म्हणून पुढे तिचे केशरी फुलपाखरू झाले तरी पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. रुई गेली की ही अळीही गेली. आपण हौसेने लावतो तो गुलमोहर मादागास्करचा. सुबाभूळ आणि गिरीपुष्प मेक्सिकोकडचे. सावली देतात, पण इथल्या फार थोड्या किड्यांना त्यांचा पाला चालतो. किडे नाहीत तर चिमण्या, बुलबुल पिल्लांना काय भरवणार?

आणि जागा वाईट आहे, ही सबब मुंबईने केव्हाच खोटी पाडली आहे. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा पडत असे. त्याच जागी आज 37 एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हातचे रोपही तिथे लागले होते.

आम्ही मुतवल्लींकडे फक्त मागच्या भिंतीकडची पट्टी मागितली. तिथे खडक लागतो, कबर खोदता येत नाही. "मास्तर, साप निघाला तर जबाबदार कोण?" त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून ठरले की कबरी आणि पायवाटा विळ्याने साफ ठेवायच्या, पालापाचोळा कबरींजवळ साठू द्यायचा नाही, मोठ्या मुळांचे झाड कबरींलगत लावायचे नाही.

पहिल्या पावसात शाळेतल्या मुलांबरोबर बोर, बहावा, कढीपत्ता लावला. बकरी ईदसाठी आणलेल्या बकऱ्यांनी बोरीचा एका दुपारी फडशा पाडला! मग एका म्हाताऱ्या खालांनी सांगितले, "अरे, बाहेरून अडुळसा आणि निर्गुडी लावा, बकरी तोंड लावत नाही." बीएड करून आम्हाला हे ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात पाण्यावाचून निम्मी रोपे मेली. आता शेजारच्या मशिदीतले वुजूचे पाणी पाइपने आत घेतले आहे. त्यात साबण नसतो, रोपांना ते मानवते.

यंदा कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या तेव्हा सातवीतला एक मुलगा औषध आणायला धावणार होता. त्याला थांबवून बसवले. आठवड्याने त्यातल्या एकीचा कोश त्यानेच सर्वांना दाखवला.

शाबानच्या बैठकीत पंपाचा विषय पुन्हा निघणार आहे. वर्गणी कमी जमली आहे, पंप स्वस्त पडतो, हे खरेच आहे. विळे घेऊन येणाऱ्या बारा मुलांची नावे आम्ही मुतवल्लींना लिहून दिली आहेत. अम्मीच्या कबरीवर सब्जा पुन्हा पेरला. बी शेजारच्या कबरीवरच्या रोपाचे मिळाले.